जिन्यावरचे निरोप

आमच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, हे लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला ठाऊक नव्हतं. रोजचा जिना कोण मोजत बसतं? एप्रिल २०२१ मध्ये मी एकटी माडीवर राहायला गेले, बाकीचं घर खाली राहिलं, तेव्हा लेकीनं पायऱ्या मोजल्या. सातव्या पायरीवर खडूनं जाड रेघ ओढली आणि खालूनच फर्मान काढलं : वर जाणारी वस्तू सातवीवर ठेवायची, खाली येणारी आठवीवर. एकजण ठेवून मागं फिरल्याशिवाय दुसऱ्यानं पुढं यायचं नाही. रेघेला तिनं ‘वाघा बॉर्डर’ असं नावही देऊन टाकलं. चौथीतली पोर. त्या महिन्यात सरकारनं पहिली ते आठवीच्या सगळ्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातलं होतं. तिच्याकडं वेळच वेळ होता, आणि न लिहिलेल्या पेपरांची सगळी शाई ती माझ्यावर खर्च करत होती.

सातवीवर थर्मास यायचा, झाकलेलं ताट यायचं, धुतलेले कपडे यायचे, आणि सोबत चिठ्ठी. ‘आई, आज किती पेशंट बरे झाले? आकडा लिही.’ ‘आज्जी म्हणते, भाकरी उरवू नको.’ ‘बाबांनी चार दिवस दाढी केली नाही, तू ओरड.’ मी चिठ्ठीच्या पाठीवर उत्तर लिहायची, त्यावर सॅनिटायझरचा फवारा मारायची आणि आठवीवर ठेवून द्यायची. खाली पोचेपर्यंत माझं अक्षर पसरून त्याचा निळा डाग झालेला असायचा. दोन दिवसांनी ताटाबरोबर एक टोक काढलेली पेन्सिल आली.

मी भूलतज्ज्ञ. आमच्या सांगली-मिरजेकडं ‘भूल देणाऱ्या मॅडम’ म्हणतात. त्यात ‘डॉक्टर’ हा शब्द येईलच असं नाही. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी चेष्टा केली होती, “भूल म्हणजे चूक. म्हणजे आमची सून चुका करण्यात तज्ज्ञ.” सासरे गेले, त्यांचा विनोद घरात राहिला. रुग्णाची नि माझी ओळख एरवी दहा मिनिटांची. टेबलावर आडव्या झालेल्या माणसाचा हात धरायचा, गाव विचारायचं, यंदा द्राक्षाला काय दर मिळाला ते विचारायचं, आणि दर सांगता सांगताच तो झोपी जातो. जागा होतो तेव्हा त्याच्या तोंडी सर्जनचं नाव असतं. मला तो ओळखतही नाही. यात तक्रार काही नाही, विसरायला लावणं हा आमच्या औषधांचा गुणच आहे. पण कोविड आला आणि घशात श्वासाची नळी घालता येणारी माणसं एकाएकी सगळ्यांना हवीशी झाली. ठरलेली ऑपरेशनं पुढं ढकलली गेली आणि आम्ही थिएटरातून उठून आयसीयूत गेलो. तिथले रुग्ण दहा दहा दिवस जागे. बोलणारे, घाबरणारे, रुसणारे, निरोप देणारे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये इथं दवाखाना काढला, तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून माणसं आपापलं दुखणं घेऊन मिरजेच्या स्टेशनात उतरत आली. गावाची दुसरी ओळख सतारीची. सोमवारी, १९ तारखेला, अकरा नंबरच्या खाटेवर माणूस आला तो सतारमेकर गल्लीतला. पांढरी दाढी, बोटांच्या टोकांना घट्टे. आदल्या दिवशी राज्यात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदवले गेले होते. त्या संख्येतले हे एक असतील किंवा नसतील. मास्कशिवाय रक्तातला ऑक्सिजन ८२ भरत होता आणि चाचा निवांत इकडं तिकडं बघत होते, कुठली खिडकी कुठं उघडते याची चौकशी करत होते. या आजाराचा हा कावेबाजपणा. माणूस आतून रिकामा होत असतो आणि गप्पा मारत असतो.

“ठोकून नाही का बघत तुम्ही?” त्यांनी मला विचारलं. “आमच्या लहानपणी डॉक्टर पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं ठोकायचे.”

मी मोठ्यांदा सांगितलं, कारण पीपीई किटमध्ये आपलाच आवाज आपल्याला पाण्यातून आल्यासारखा येतो, की चाचा, कानावर दोन टोप्या आहेत, स्टेथोस्कोपसुद्धा लावता येत नाही. आम्ही आकडे बघतो. आकडे आणि सीटीचा स्कोअर. त्यांना ते पटलं नाही. मग त्यांनी मला भोपळ्याचं सांगितलं. सतारीचा भोपळा पंढरपूरकडून येतो. वाळलेला भोपळा हातात घेऊन कारागीर आधी ठोकून बघतो. कुठं पातळ आहे, कुठं जाड आहे, आतून कीड लागली आहे का, सगळं आवाज सांगतो. डोळ्यांनी भोपळा बघणारा फसतो. मला राहवलं नाही. छाती ठोकून बघण्याची रीत ज्यानं पहिल्यांदा पुस्तकात मांडली, १७६१ साली, तो ऑयनब्रुगर नावाचा ऑस्ट्रियातला डॉक्टर. त्याचा बाप खानावळवाला, आणि पिंप किती भरलंय हे ठोकून ओळखायची रीत पोरानं तिथं पाहिली होती असं म्हणतात. चाचा हसले. हसण्याबरोबर खोकला आला आणि पडद्यावरचा आकडा ७६ वर घसरला. पुन्हा यांना हसवायचं नाही असं मी ठरवलं. त्यांना पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. पालथं झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग मोकळा होतो. वीस मिनिटांत आकडा ९१.

रमजान चालू होता. आमच्या एका सिस्टरचा रोजा होता. मी म्हटलं, या किटमध्ये, या उन्हात कशाला? ती म्हणाली, “मॅडम, आत शिरल्यावर सहा तास तुम्हालाही पाणी नाही. तुम्ही फक्त नियत केली नाही, एवढाच फरक.”

*

दुपारी दोनला बाहेर यायचं. एकेक थर उतरवायचा, प्रत्येक थराला हात धुवायचे. त्याचं शास्त्र आहे आणि ते कंटाळलेल्या माणसासाठी केलेलं नाही. अंघोळ करून खुर्चीत बसलं की गालावर मास्कची खोबण तशीच, आणि पुढ्यात नावांचा कागद. संध्याकाळी पाचला नातेवाइकांना फोन. आवारातल्या लिंबाच्या झाडाखाली ती सगळी बसलेली असायची, माझ्या खिडकीतून दिसायची. तरी फोनच करावा लागे, कारण एकाला बाहेर जाऊन सांगितलं तर पन्नास जण धावत येत. मी फोन लावायची आणि झाडाखाली कुणीतरी ताडकन उठून उभं राहायचं. ते मला दिसतं आहे, हे त्यांना माहीत नसायचं.

माझ्याकडं ठरलेले शब्द होते. स्थिर. गंभीर. प्रयत्न चालू आहेत. त्यांचे प्रश्न वेगळेच. पाणी पिलं का? पायाला मुंग्या येतात तिच्या, कुणी चोळतं का? चष्मा लावलाय का, त्याशिवाय त्यांना घाबरल्यासारखं होतं. ‘स्थिर’ या शब्दात यातल्या कशाचंच उत्तर बसत नाही. तेव्हा मी सकाळी आत शिरले की आधी चष्मे बघायला लागले. हळूहळू निरोपही न्यायला-आणायला लागले. सातबाऱ्याचा उतारा कपाटात खालच्या कप्प्यात आहे. म्हशीला आठवा महिना लागलाय. सुनेला सांगा, मी रागावलेलो नाही. एका आजोबांनी नातवाला फक्त ‘पास झालास, शाब्बास’ एवढं कळवलं, नातू परीक्षा न देताच पास झालेला. मनगटावर, हातमोज्याच्या वरच्या टेपवर मी मार्करनं एकेक शब्द लिहून आणायची : म्हैस, कपाट, राग नाही. बाहेर येताना मोजे टाकून द्यावे लागत, म्हणून टेप टाकण्याआधी सगळे शब्द एकदा मोठ्यानं म्हणायची.

मराठीत निरोप देतात, निरोप धाडतात आणि निरोप घेतातही. शब्द एकच. शाळेत मला हे भाषेचं दारिद्र्य वाटायचं.

नऊ नंबरच्या मावशी कवठेमहांकाळकडच्या. दीड एकर द्राक्षबाग, नवरा नाही, एकच मुलगा. एप्रिल म्हणजे खरड छाटणीचे दिवस. द्राक्षाचा माल गेलेला असतो आणि पुढच्या वर्षाची काडी तयार व्हायची तर आत्ताच बाग छाटावी लागते, उन्हाळाभर पाणी पुरवावं लागतं. मावशींचे निरोप रोज बागेचे. “छाटणीची टोळी सोडू नको म्हनावं. येकदा गेली का म्होरल्या महिन्यात बी गावायची न्हाई.” दुसऱ्या दिवशी मुलगा उत्तर धाडायचा, टोळी लागली, निम्मी बाग झाली. मावशी डोळे मिटून निम्म्या बागेचा हिशेब करायच्या. मला म्हणायच्या, “तू कुनाची गं?” त्या पोशाखात मी बाई आहे एवढंच त्यांना आवाजावरून कळत होतं. पाठीवर मार्करनं नाव लिहिलेलं असायचं, पण नाव वाचायचं तर माझी पाठ फिरलेली असायला हवी.

मंगळवार मला आठवत नाही. चिठ्ठ्यांच्या डब्यात त्या तारखेची एक चिठ्ठी आहे, ‘तू झोपलीस का? हो किंवा नाही’, आणि मागं काही लिहिलेलं नाही.

*

बुधवारी रामनवमी. सकाळी निघताना आई, म्हणजे सासूबाई, जिन्याखालून म्हणाल्या होत्या, “सुंठवडा ठेवते गं सातवीवर. जन्म झाल्यावर.” बाराच्या सुमारास मी आत होते आणि मावशी थकत चालल्या होत्या. श्वासाला मिनिटाला चाळीस. मानेचे स्नायू दोरीसारखे ताणलेले. माणूस असा किती वेळ धावणार? शेवटी छातीच दमते. नळी घालून मशीनवर घ्यायचं ठरलं. मी त्यांना सांगितलं, मावशी, आता जरा झोपवते तुम्हाला, मशीन श्वास देईल, तुम्ही विश्रांती घ्या. त्यांनी मास्क बाजूला सारला. दोन शब्द, मग धाप, मग पुढचे दोन.

“पोराला सांग. हिरीवरच्या मोटरंच्या स्टार्टरला करंट उतरतोय. बटान लाकडानं दाब म्हनावं. हात लावू नगं.”

मी म्हटलं, सांगते.

“आजच सांग.”

आजच सांगते म्हटलं. टेपवर ‘लाकूड’ असं लिहिलं आणि औषध हातात घेतलं. नळी पहिल्या प्रयत्नात गेली. मला आठवतं, त्याचं समाधान झालं होतं.

बाहेर आले तर सगळा स्टाफ एका मोबाइलभोवती उभा. नाशिकच्या एका रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली होती. आवारात पांढऱ्या धुक्याचे लोट, आत मशीनवरच्या रुग्णांचा दाब पडला. संध्याकाळपर्यंत २२ जण गेल्याचं कळलं. त्या वेळी महाराष्ट्रात जिथं जिथं अशी टाकी होती तिथं तिथं कुणीतरी धावत तिच्याजवळ गेलं असणार. आम्हीही गेलो. टाकीच्या खालच्या नळ्यांवर एप्रिलच्या उन्हात बर्फ जमलेला असतो. आत उणे १८३ अंशांचं पाणी असतं म्हणा ना. एरवी त्या बर्फाकडं बघून बरं वाटायचं. त्या दिवशी आम्ही प्रत्येक सांध्याला कान लावला. मग गणित. टाकी बंद पडली तर जंबो सिलिंडर किती? एका सिलिंडरमध्ये सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर. नाकातून जोरानं ऑक्सिजन देणाऱ्या मशीनला मिनिटाला साठ लिटर लागतात. एका माणसाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. अशी माणसं किती? आकडा फळ्यावर लिहिला आणि कुणीतरी तो पुसून टाकला. बैठक सातपर्यंत चालली. पाचचे फोन त्या दिवशी ज्युनिअरनं केले. त्यानं मावशींच्या मुलाला बरोबरच सांगितलं : प्रकृती गंभीर, व्हेंटिलेटरवर घेतलंय, प्रयत्न चालू आहेत.

घरी आले तेव्हा सातव्या पायरीवर वाटी होती, वर बशी, बशीवर भार म्हणून लिंबू. सुंठवडा तोंडात टाकला. सुंठेचा झणका नाकाला कळला, तेव्हा वास येतोय याची खात्री करून घेतली. त्या दिवसांत आम्ही सगळेच प्रत्येक घास आधी हुंगायचो.

*

गुरुवारी चिठ्ठी आली : ‘आई, बातमीत सांगितलं की ऑक्सिजन रेल्वेनं येणार. हवा रेल्वेनं कशी येईल? डबे फुगणार नाहीत का?’

मी उत्तराला दोन कागद घेतले. हवा खूप गार केली की तिचं पाणी होतं. एक लिटर पाण्याची परत हवा केली तर ती आठशे लिटरच्याही वर भरते, म्हणून पाणी करूनच आणतात. सोमवारी संध्याकाळी कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघालेत. सगळ्या मापांचे टँकर चालत नाहीत. पुलांखालून, विजेच्या तारांखालून जातील एवढ्याच उंचीचे निवडावे लागले. घाट टाळायचे म्हणून वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा लांबचा रस्ता. हे लिहिताना मी लहान मुलासारखी रंगून गेले. अख्ख्या आठवड्यात मला पूर्ण उत्तर देता आलं असा तो एकच प्रश्न होता.

खालून आईंचा आवाज आला, “आपल्या स्टेशनातनं लातूरला पाणी नव्हतं का गेलं रेल्वेनं?” गेलं होतं. एप्रिल २०१६, मिरजेच्या स्टेशनात कृष्णेचं पाणी टाक्यांत भरून गाडी दुष्काळातल्या लातूरला गेली. आई तेव्हा बघायला गेल्या होत्या, गाडीला हार घातलेले त्यांनी पाहिले होते. “पाणी झालं, आता वारा,” त्या म्हणाल्या. “अजून काय काय न्यावं लागणार आहे रेल्वेनं देव जाणे.” मग त्यांना त्यांची आजी आठवली. १९१८ च्या तापाला ती ‘मानमोडी’ म्हणायची. घरात कुणी पडलं की दुसऱ्या घरची माणसं उंबऱ्यावर भाकरी ठेवून हाक मारून निघून जायची, ती हाक आजी म्हातारपणी झोपेत मारायची. “सातवी पायरी काय आपण नवीन नाही काढली,” असं म्हणून आई आत गेल्या. त्यांना लशीचा एक डोस झाला होता. मधुमेह, वय एकाहत्तर. मी माडीवर होते ती त्यांच्यासाठी, आणि हे त्या मला बोलू देत नसत.

शुक्रवारी पहाटे मावशी गेल्या.

साडेतीनला. मी ड्यूटीवर नव्हते. सकाळी गेले तर नऊ नंबरवर दुसरी बाई होती आणि तिचा चष्मा उशीखाली दबला होता, तो काढून मी तिला लावला. मावशींच्या मुलाला रात्रीच्या डॉक्टरांनी कळवलं होतं. त्याच पहाटे विरारच्या एका रुग्णालयात आयसीयूला आग लागली होती. म्हणून आमचा शुक्रवार विजेचा. इलेक्ट्रिशियनला घेऊन मी खाटेखाटेमागचे बोर्ड बघितले, एसीच्या वायरी बघितल्या, कुठला प्लग गरम लागतोय ते हातमोज्यावरून चाचपलं. बटणं, स्विच, स्टार्टर, जनरेटर. दिवसभर. टेप बुधवारीच पिवळ्या पिशवीत गेली होती. त्या दिवशी मी शब्द मोठ्यानं म्हटले होते का, हे मला आजही आठवत नाही.

शनिवारी रात्री हे जिन्यात येऊन बसले. सहाव्या पायरीवर ते, दहावीवर मी, दोघांनाही मास्क. बँकेत दिवसभर लोक मुदतीआधी ठेवी मोडायला येतात म्हणाले. मुलीच्या लग्नाची ठेव, ट्रॅक्टरची ठेव. मी म्हणते, व्याजाचं नुकसान होईल, आणि माझी मलाच लाज वाटते. ‘मी म्हणते’ असं ते म्हणाले आणि मी हसले. दमल्यावर ते माझ्यासारखं बोलतात. मग पुष्कळ वेळ कुणीच बोललं नाही. ऑक्सिजनची गाडी नाशकात पोचली, एवढं त्यांनी उठताना सांगितलं. दाढी केली होती.

चाचांना त्याच दिवशी साध्या नळीवर आणलं होतं, मिनिटाला चार लिटर. खाटेच्या लोखंडी दांडीवर ते बोटानं ठोकत पडलेले असत. “पोकळ हाय,” मला सांगायचे. “चांगली हाय.” घरी त्यांचा निरोप : अर्धी सोडलेली सतार कपड्यात गुंडाळून ठेवा, तिला ऊन लागू देऊ नका.

*

रविवारी महावीर जयंती. एरवी मिरवणुकीचा बँड आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतो. त्या दिवशी फक्त कावळे. गच्चीवर आईंनी कुरडया घातल्या होत्या आणि लेक हातात काठी घेऊन त्यांची राखण करत होती. मी दुपारी परतले, झोपले, सहाच्या सुमारास ताट न्यायला जिन्यात आले. खाली स्वयंपाकघरात लेक हात धूत होती आणि वरची टाकी भरायची म्हणून मोटर लावायला निघाली होती.

आई ओरडल्या, “अगं, ओल्या हातानं बटणाला हात लावू नको! करंट बसेल!”

ताट माझ्या हातात होतं. ते मी आठव्या पायरीवर ठेवलं की नवव्या, मला सांगता येणार नाही.

नंबर जुन्या कागदावर होता, नावावर रेघ मारलेली. फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. पाच दिवस. बाग छाटलेली, पाण्याची गरज, घरात कुणी नाही, आईला पोचवून आलेला, झोप न झालेला मुलगा, आणि विहिरीवर तो स्टार्टर. चौथ्यांदाही कुणी उचलला नाही. मी जिन्याच्या वरच्या टोकाहून यांना हाक मारली. घरात मी त्यांना अशी हाक कधी मारत नाही. “अहो, कवठेमहांकाळकडं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? आत्ता जाऊन येईल असं?” त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांच्या शाखेतल्या शिपायाचं सासर तिकडं होतं. ते अंगणात जाऊन फोनवर बोलायला लागले, गावाचं नाव दोनदा विचारून खात्री करून घेत. लेक खडूच्या रेघेशी उभी राहून माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात चिठ्ठी होती, ती तिनं ठेवली नाही.

साडेनऊला त्यानं उचलला.

“मॅडम, फोन घरात हुता. मी रानात. आत्ता बगितलं.”

मी सगळं एका दमात बोलून टाकलं. बुधवारी तुमच्या आईंनी निरोप दिला होता. माझ्याकडून सांगायचा राहिला. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला करंट उतरतोय, बटण लाकडानं दाबा, हात लावू नका.

पलीकडं काही नाही. रातकिडे. कुठंतरी कुत्रं.

“व्हय,” तो म्हणाला. “मीच सांगितलं हुतं आईला. ती एकटी जाऊन हात लावंल म्हनून.”

मला काही सुचेना.

“कवा म्हनाली?”

“दुपारी. नळी घालायच्या आधी.”

“आनि काय म्हनाली?”

काहीही सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

“एवढंच,” मी म्हटलं.

“बरं.”

तो चालत होता, पायाखाली वाळक्या पानांचा आवाज येत होता. छाटलेल्या बागेत तेवढंच असतं. मग म्हणाला, “थांबा मॅडम, लाइट आली,” आणि फोन बहुतेक त्यानं तसाच खिशात टाकला, बंद केला नाही. एक दार करकरलं. लाकडावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, टक्. मोटर घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि लागली. पाइपातून आधी नुसता वारा आला, मग धापा टाकत पाणी. मी आठव्या पायरीवर बसून ऐकत राहिले.